सकाळच्या रसाची मंडळी

६ जानेवारी

चि. भुंग्या यास, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं रसाचं यंत्र पोचलं आणि रोज चार पेल्यांचा जग भरते, एवढंच मागच्या पत्रात घाईने कळवलं होतं, आता सविस्तर लिहिते. खोकं उघडण्यात माझी अख्खी सकाळ गेली. बांधणाऱ्याला ते बहुतेक युद्धावर जातंय असं वाटलं असावं. आतलं माहितीचं पुस्तक दोनदा वाचलं, मन घट्ट केलं आणि बटण दाबलं. काय रे तो आवाज! जिन्यावरून कोणी ट्रक चढवतंय असं वाटलं. पण रस मात्र सुरेख निघाला.

आता हात बसलाय. गाजरं बोटाएवढी कापायची, सफरचंदाच्या बिया काढायच्या. एक कडक तुकडा, मग एक मऊ तुकडा असं आलटून पालटून टाकलं की जाळी तुंबत नाही. हे त्या पुस्तकात नाही, ते जाळी तुंबल्यावरच कळतं. बिटाने दोन दिवस माझी बोटं अशी रंगवली की भाजीवाल्याने काय लागलं म्हणून विचारलं. नखाएवढं आलं टाकलं की घशाला बरं वाटतं. आणि यंत्र लगेच धुवायचं, नाहीतर चोथा असा वाळून बसतो की जुन्या टूथब्रशने तास तास घासावं लागतं.

तू विचारलंस की चार पेल्यांचा जग भरतेस तो एकटी पितेस की ओतून देतेस. ओतून कशाला देऊ? वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनचालक राहतात, ते आवाज ऐकून पहिल्याच दिवशी खाली आले. दर वाक्याआधी खोकतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना खोकलेबुवा म्हणते. समोर गणिताचे मास्तर आहेत. ते चारही पेले टेबलावर ओळीने ठेवतात आणि खाली वाकून, एक डोळा मिटून, सगळ्यांना सारखा मिळाला का ते बघतात. आणि एक तरुण नर्स आहे. रात्रपाळी संपवून येते आणि रस पिता पिता खुर्चीतच डुलक्या काढते. तिचं नाव मी पेंगुळी ठेवलंय. आठ वाजता आमची मंडळी जमतात ती नऊपर्यंत हलत नाहीत. तू गेल्यावर मी या घरात आले, त्यामुळे तू हा शेजार पाहिलेला नाहीस, पण शेजार चांगला मिळाला. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

तू मात्र तिथे हवामान केंद्रावर छाती झाकून फिर. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्याच्या स्वतःच्या छातीत वारं शिरलं तर ते कोण मोजणार? माझा जीव तुझ्यात आहे हे तुला ठाऊक आहेच, तरी दर पत्रात लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझी आई

२५ जानेवारी

ती. आईस, भुंग्याचा साष्टांग नमस्कार.

सामानाच्या गाडीबरोबर तुझं पत्र आलं. आधी उभ्याने वाचलं, मग जेवताना पुन्हा वाचलं. ताटाशेजारी ठेवलं होतं, त्यावर आमटी सांडली, तरी वाचता येतंय.

इकडची खबर थोडकीच आहे. केंद्रावरच्या जोडीदाराची बदली झाली. नवा येणार म्हणतात, पण कधी ते कोणी म्हणत नाही. सकाळ-संध्याकाळ उपकरणं बघायची, आकडे पाठवायचे, मध्ये दार नीट लागलंय ना ते बघायचं. वाऱ्याशी बोलून काही उपयोग नाही, तो एकाच सुरात उत्तर देतो.

तुझी मंडळी मला फार आवडली. खोकलेबुवांसाठी मफलर पाठवतोय. मास्तरांसाठी पाऊस मोजायची एक काचेची नळी आहे, कडा उडाल्यामुळे केंद्राने टाकून दिलेली. रेषा शाबूत आहेत. आता डोळा मिटून बघायला नको, थेंबाथेंबाची वाटणी करू देत त्यांना. पेंगुळीसाठी काय पाठवावं ते सुचलं नाही. ती कशी दिसते, कुठली आहे, हसते का, हे कळव. केवळ सामान्य ज्ञान वाढावं म्हणून विचारतोय.

खरं सांगायचं तर तू एकटी पडशील या भीतीने इथे यायलाच नको वाटत होतं. आता जीव भांड्यात पडला. पत्र मोठं लिही, तेवढीच मला जेवताना सोबत.

तुझा भुंग्या

८ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकटीचा सा. न.

माझा गुडघा जागच्या जागी, आमच्या ह्यांचा बहिरेपणा जागच्या जागी, घरात माणसं मावत नाहीत तीही जागच्या जागी. आता मुद्द्याचं बोलते. भाच्याचं पत्र आलं. चार पानांपैकी तीन पानं तुझ्या सकाळच्या मंडळींवर आहेत. कोण गं हे खोकलेबुवा? आणि ही पेंगुळी कोण, जिच्यासाठी तो मला हातमोजे चांगले की शाल चांगली ते विचारतोय?

ताई, मी तुला ओळखते. टेलिफोन एक्सचेंजात जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडलेस, पण शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची झाली तर अर्धा मैल चालून दुकानात जाशील. तुझ्या घरी रोज तीन माणसं रस प्यायला येतात हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. खरं काय ते लिही, आणि माझ्याशी तरी नाटक करू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

१५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे, अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाकाला वास लागतोच. कोणी येत नाही गं. एकही नाही.

त्याने पत्रात विचारलं तेव्हा मी खरंच लिहायला बसले होते. खरं काय, तर पहिल्या दिवशी चार पेले भरले. एक प्यायले, दुसरा बळेबळे प्यायले आणि उरलेले दोन काळे पडेपर्यंत बघत बसले. पोराने एवढ्या हौसेने यंत्र पाठवलं, त्याला हे कसं कळवायचं? तू म्हणशील, कमी कर. यंत्राला कमी चालतं, मला चालत नाही. एका पेल्यापुरतं अर्धं सफरचंद कापलं की उरलेलं अर्धं ताटलीत माझ्याकडे बघत बसतं. म्हणून मी जग भरतेच.

पण मंडळी अगदीच हवेतून आणलेली नाहीत. वरच्या मजल्यावरून छतातून खोकला येतो, तो खरा आहे. माणूस मी कधी पाहिला नाही. समोरचे गृहस्थ कुलूप लावून तीनदा ओढून बघतात, म्हणून मी त्यांना मास्तर केलं. आणि जिन्यात सकाळी एक मुलगी भेटते, पांढरे बूट, डोळे सुजलेले. एकदा माझ्याकडे बघून हसली होती, की जांभई दिली होती, देव जाणे. एक्सचेंजात नुसत्या आवाजावरून माणूस उभा करायची सवय लागलेली. एक ओळ लिहिली, मग दुसरी लिहावीच लागली. आता मफलर आलाय, काचेची नळी आलीय, आणि मी ती कपाटात ठेवून आभाराची पत्रं लिहितेय. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, माझ्या कपाळी मफलर आला.

खोटं खरं करून टाकावं म्हणून मी गेल्या रविवारी धीर केला. तीन पेले भरले, ट्रेमध्ये ठेवले, पदर नीट केला आणि वर गेले. खोकला थांबला, पण दार उघडलं नाही. मी पुन्हा घंटी वाजवली. आत कोणीतरी श्वास धरून उभं होतं, हे मला दाराबाहेर कळत होतं. खाली येऊन समोरची घंटी वाजवली, त्यांनी दार उघडलं. मी रस आणलाय म्हटलं. त्यांनी पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कितीला दिला म्हणून विचारलं. मी फुकट आहे म्हटल्यावर तर त्यांचा संशय वाढला. दारावर येणाऱ्यांकडून आपण काही घेत नाही, असं अगदी सभ्यपणे सांगून त्यांनी दार लावलं. कुलूप तीनदा ओढलं असेल. ती मुलगी कुठल्या घरात राहते तेच मला माहीत नाही, त्यामुळे तिसरा पेला ट्रेमध्ये तसाच राहिला.

घरी येऊन तिन्ही मोरीत ओतले. आणि मग धाकटे, मी रडले. रस वाया गेला म्हणून नाही. त्याला यातलं काही कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे.

तुझ्यावाचून हे कोणाला लिहिणार?

तुझी ताई

६ मार्च

ती. आईस, भुंग्याचा साष्टांग नमस्कार.

मास्तरांना नळी पसंत पडली हे वाचून बरं वाटलं. खोकलेबुवांना सांग, मफलर गळ्याला गुंडाळायचा असतो, खुर्चीला नाही. पेंगुळी बिटाच्या रसाची मिशी तशीच ठेवून झोपी गेली, हे वाचून मी इथे एकटाच मोठ्याने हसलो आणि माझ्याच आवाजाला दचकलो. आणि मी आलो की सगळी मंडळी बसथांब्यावर घ्यायला येणार, हे तू याही पत्रात लिहिलंस, तेही लक्षात ठेवलंय.

आता एक कामाची गोष्ट. माझी इथली मुदत संपत आली. वरच्या कार्यालयाने विचारलंय की अजून तीन वर्षं राहतोस का. राहिलो तर बढती नक्की. नाही म्हटलं तर तिकडे गावातल्या कचेरीत बदली मिळेल, पगार आहे तोच, टेबल कोपऱ्यातलं, पण रोज संध्याकाळी घरी. एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय. माझं मन एकदा इकडे जातं, एकदा तिकडे जातं. आधी तुझ्यासाठी परत यावं असं वाटायचं. आता तुझं घर इतकं गजबजलेलं आहे की मी आलो तर मलाच पाचवा पेला शोधावा लागेल.

म्हणून ठरवलंय की तुझ्या मंडळींना विचारायचं. वडीलधारी माणसं आहेत, जग बघितलेली आहेत, पेंगुळी तेवढी झोपेत बघतेय. रस पिऊन झाला की प्रश्न टेबलावर ठेव आणि मतं घे. तू आई आहेस, तू मत दिलंस तर मला ते ओलांडता येणार नाही, म्हणून तू मत देऊ नकोस. नुसतं मोजून कळव.

निकालाची वाट पाहणारा

तुझा भुंग्या

२० मार्च

चि. भुंग्या यास, अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न टेबलावर ठेवला. आज गाजर, संत्रं आणि आलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या जिभा सैल होत्या.

मास्तरांनी आधी बढतीचा हिशेब केला आणि मत दिलं की राहावं. तरुणपणी चढायचा जिना म्हातारपणी चढवत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पेंगुळी जागी होती. तीही राहावं म्हणाली. तिच्या कामातली किती मुलं घरच्यांसाठी चांगली जागा सोडतात आणि मग जन्मभर घरच्यांना बोल लावतात, हे तिने पाहिलंय म्हणे. खोकलेबुवा बराच वेळ खोकले. मग त्यांचं मत पडलं की मुलाने परत यावं. कारण विचारलं तर सांगेनात. मास्तर त्यांना हसले. तेव्हा ते एवढंच म्हणाले की जन्मभर गाडी हाकली, लोकांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलं, फलाटावर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे त्यांना ठाऊक आहेत. मग रस अर्धा ठेवून वर गेले.

तर दोन विरुद्ध एक. मी तू सांगितल्याप्रमाणे गप्प बसले. तू नीट विचार कर, आणि माझा विचार त्यात धरू नकोस.

माझं काय, माझी मंडळी आहेत.

तुझी आई

४ एप्रिल

ती. आईस, भुंग्याचा साष्टांग नमस्कार.

निकाल मिळाला. खोकलेबुवांना माझा नमस्कार सांग. त्यांचा मुलगा कुठे दूर असावा, म्हणून त्यांचं मत तसं पडलं असेल. त्यांच्यासाठी वाईट वाटलं. अधूनमधून त्यांना जेवायलाही बोलावत जा.

पण बहुमत ते बहुमत. पेंगुळीसुद्धा राहा म्हणाली, हे जरा लागलं, पण तिचा मुद्दा खरा आहे. तीन वर्षांसाठी हो म्हणून कळवायचं असं मनाशी धरलंय. कागद टेबलावर आहे. एप्रिलच्या शेवटच्या गाडीबरोबर सही करून पाठवीन. मावशीलाही लिहिलंय.

तुम्ही सगळे तिथे एकमेकांना धरून आहात, म्हणून माझा पाय इथे टिकतो. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझा भुंग्या

११ एप्रिल

ती. ताईस, धाकटीचा सा. न.

शपथ घातलीस म्हणून माझा हात बांधलेला आहे, तोंड नाही. भाच्याने मला मतांचा निकाल कळवला. वाचून मी डोक्याला हात लावला. अगं, पोर तुला विचारत होतं. तिन्ही माणसं तुझीच, तिन्ही तोंडं तुझीच, आणि त्यातल्या दोघांना तू बढतीच्या बाजूने उभं केलंस आणि तिसऱ्याला खोकायला लावलंस. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे आपल्या आईला शोभायचं, कारण तिचं भांडं बघायला घरात दहा माणसं होती. तुझं कोण बघणार?

तुला भीती वाटतेय की तुझ्यासाठी त्याने बढती सोडली तर तो तुला बोल लावेल. लावू दे. पण काय सोडतोय आणि कशासाठी सोडतोय हे त्याला कळू तरी दे. तू त्याला निवडायला दिलंस आणि पत्ते लपवून ठेवलेस. याला काळजी नाही म्हणत. मोठ्या बहिणीला एवढं सुनावायचा मला अधिकार नाही, म्हणून पत्रातून सुनावतेय, समोर असते तर घाबरले असते.

महिना संपायला आलाय. मी काही लिहिणार नाही. हे तुझंच पत्र आहे, तूच लिही.

तुझ्या रागाची वाट बघणारी

धाकटी

१४ एप्रिल

चि. भुंग्या यास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळेपर्यंत सही करू नकोस असं लिहिणार होते, पण पत्र मिळाल्यावरच तू ते वाचशील. माझं डोकं ठिकाणावर नाही. सहीच्या आधी मिळो म्हणजे झालं.

खोकलेबुवा नाहीत. मास्तर नाहीत. पेंगुळी नाही. या घरात रस प्यायला कधी कोणी आलेलं नाही. तू पाठवलेला मफलर कपाटात आहे, नळीही तिथेच आहे. मी एकटीच यंत्र लावते, एकटीच कापते, चार पेले ओततेही, कारण ओतताना तेवढा वेळ कोणी येणार आहे असं वाटतं. मग एक पिते आणि बाकीचं दुपारपर्यंत ठेवते. दुपारी ओतून देते. तू विचारलं होतंस, ओतून देतेस का. हो, ओतून देते.

तुला फसवावं म्हणून नाही रे केलं. तुझा पाय तिथे टिकावा म्हणून केलं. आणि एक सांगते, ते लिहिताना मला बरंही वाटायचं. सकाळी भाजी निवडताना आज मास्तर काय म्हणतील याचा विचार करायचे. दिवस त्यात जायचा. कोणी दार वाजवलं नाही तरी पत्र लिहायला माणसं असायची.

तू मतं मागितलीस तेव्हा मला तुझ्या बढतीआड यायचं नव्हतं. आजही नाही. राहिलास तर मी रागावणार नाही, रडणार मात्र, आणि ते तुला कळवीन, लपवणार नाही. ती गावातली नोकरी साधी आहे, टेबल कोपऱ्यातलं आहे, ते सगळं मला समजतं. पण तू मोजायला सांगितलंस, तर नीट मोजून कळवायला हवं. मतदार इथे एकच आहे. तू मत देऊ नकोस म्हणाला होतास, तरी देते.

ये.

जन्मात कोणाला असं म्हटलं नव्हतं. तुझ्या वडिलांनाही नाही, ते आपले आपण घरी यायचे. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

तुझी आई

२ मे

ती. आईस, भुंग्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र वेळेत मिळालं. गाडी खाली उभी होती आणि चालक हॉर्न वाजवत होता, तेव्हा मी ते वाचत होतो. सही न करता कागद परत पाठवला. नकाराचं कारण म्हणून आधी लिहिलं होतं की घरी आई एकटी आहे. मग ते खोडलं आणि लिहिलं की मला घरी जायचं आहे. दोन्ही खरं आहे, पण दुसरं माझं आहे.

तुझा रागही आला, लपवत नाही. दिवसभर आकडे चुकत होते. माझ्यापासून हे लपवायची तुला गरज का वाटावी, हे मनात घोळत राहिलं. संध्याकाळी जेवायला बसलो आणि सवयीने तुझी जुनी पत्रं काढली, तेव्हा राग गेला. आई, जोडीदार गेल्यापासून इथे मी एकटाच आहे. नवा कोणी आलाच नाही. तुला काळजी वाटेल म्हणून ते मी पुन्हा लिहिलं नाही. इतके महिने माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायचे ते तुझे तिघेच. मास्तर चुकले तर मी त्यांना टोकायचो. खोकलेबुवांच्या खोकल्याची मला काळजी असायची. पेंगुळीसाठी तर मी रोज दाढी करायला लागलो होतो, इथे वाऱ्याशिवाय बघायला कोणी नसताना. ते तिघेही गेले, आणि खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय. तू आणि मी, दोघांनी मिळून त्यांना जगवलं होतं.

बदलीचा हुकूम आला की निघतो. बस सकाळी पोचते. तू नेहमी लिहायचीस की मी आलो की सगळी मंडळी मला घ्यायला बसथांब्यावर येणार आहेत. त्यांना आणू नकोस.

एकटीच ये.

तुझा भुंग्या